घर उंचावर, डेकचा खांब उतारावर

कर्जाच्या फाइलमध्ये चार-पाचशे पानं असतात. त्यातल्या एका पानावर प्रश्न असतो: ही इमारत विशेष पूरधोका क्षेत्रात आहे का? खाली दोन चौकोन, ‘होय’ आणि ‘नाही’. एप्रिल २०२४ मध्ये माझ्याकडच्या एका फाइलमध्ये फुली ‘होय’वर पडली आणि ऑगस्टपर्यंत ते पान माझ्या टेबलावरून हललं नाही.

मी न्यू जर्सीत लोन प्रोसेसर आहे. कर्ज मंजूर करणं माझ्या हातात नसतं. मी कागद गोळा करते, जुळवते, उणे असतील तर मागत बसते. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्या परवानगीनं लिहितेय, पण ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. आकड्यांमधला हिशोब मात्र तसाच ठेवलाय, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

जोडपं पस्तिशीतलं. नवरा आयटीत, बायको सांगलीची. ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारानं आलेली, कामाची परवानगी नाही, म्हणून पगार एकच, महिना ११,५०० डॉलर. घर सॉमरसेट काउंटीत, १९७८ सालचं, अर्धा एकर जागा. मागच्या बाजूला जमीन हळूहळू उतरत जाते आणि झाडीच्या पलीकडे एक ओढा आहे, तो पुढे रॅरिटन नदीला मिळतो. किंमत ६,२०,००० डॉलर, वीस टक्के स्वतःचे, कर्ज ४,९६,०००. करार तपासायचे वकिलांचे तीन दिवस पार पडले, इन्स्पेक्शन झालं, क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात यायचा दिवस, ३० एप्रिलला ठरलं.

रॅरिटनच्या खोऱ्यात राहणाऱ्याला पुराबद्दल काही सांगावं लागू नये. १९९९ चं फ्लॉइड वादळ, २०११ चं आयरीन, १ सप्टेंबर २०२१ चं आयडा. बाउंड ब्रूक आणि मॅनव्हिल या इथल्या गावांची नावं तिन्ही वेळा बातम्यांत होती. पण घर बघायला माणूस एप्रिलच्या उन्हात जातो. ओढ्यात घोट्याएवढं पाणी असतं आणि हरणं चरत असतात.

त्याच मार्चच्या २० तारखेपासून न्यू जर्सीत विकणाऱ्यानं पुराची माहिती लिहून देणं बंधनकारक झालं होतं. इथल्या विकणाऱ्या आजींनी दिली होती. आयडाच्या रात्री बेसमेंटमध्ये दोन इंच पाणी, तिथलं साचलेलं पाणी उपसणारा संप पंप बंद पडल्यामुळे. पूरक्षेत्रात आहे का? ‘माहीत नाही’. फ्लड इन्शुरन्स आहे का? ‘नाही’. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांचं कर्ज कधीच फिटलं होतं, त्यामुळे पॉलिसी घ्या म्हणून त्यांच्या मागे लागणारं कुणी उरलं नव्हतं. रियल्टरनं मात्र ठोकून दिलं होतं, “मागची जागा फ्लड झोनमध्ये आहे, घर नाही.” हे वाक्य बारकाईनं ऐकण्यासारखं होतं. ते खरं असतं, तर आमच्या दृष्टीनं प्रश्न मिटला असता. लेंडर, म्हणजे कर्ज देणारा, इमारत बघतो, प्लॉट नाही. अंगण पूर्ण पूररेषेत आणि घर बाहेर, अशा घराला विम्याची सक्ती लागत नाही. पण इमारतीचा एक कोपरा जरी आत आला, तरी ती अख्खी आत.

हा निवाडा लेंडर स्वतः करत नाही. त्यासाठी वेगळ्या कंपन्या आहेत. त्या पत्ता घेतात, फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या नकाशावर इमारत बसवतात आणि ठराविक नमुन्याचा फॉर्म भरून देतात. वरच्या भागात लेंडर आणि कर्ज क्रमांक. खाली गाव, त्याचा पूरविमा योजनेतला क्रमांक, नकाशाच्या पॅनेलचा क्रमांक आणि तारीख, नकाशात नंतर काही दुरुस्तीपत्र निघालं असेल तर ते, मग झोन. झोनच्या नावात ‘ए’ किंवा ‘व्ही’ असेल तर उत्तर ‘होय’. आमच्या फॉर्मवर ‘एई’ होतं.

नवऱ्याचा फोन त्याच दिवशी आला. “ताई, हे काहीतरी चुकलंय. घर किती उंचावर आहे, तुम्ही फोटो बघा ना.”

मी म्हटलं, “अरे, फॉर्मला उंची विचारलेलीच नाहीये.”

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबते. हा फॉर्म म्हणजे नकाशावर इमारत ठेवून बघणं, बस्स. जमीन किती फूट उंच आहे, पाणी कधी आलं होतं, उद्या येईल का, यातलं त्यात काहीही नाही. ‘होय’ आलं म्हणून घर बुडणार नसतं आणि ‘नाही’ आलं म्हणून कोरडं राहणार नसतं. हा कागद लेंडरला कायदा पाळता यावा म्हणून आहे. घर घेणारे तो कुंडलीसारखा वाचतात.

कायदाही तसाच घडत गेला. १९६८ मध्ये अमेरिकेनं सरकारी पूरविमा सुरू केला तेव्हा तो ऐच्छिक होता आणि फारसं कुणी घेतला नाही. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळानं पेन्सिल्व्हेनिया धुऊन काढला, तेव्हा विमा असलेले अगदी थोडे निघाले. १९७३ च्या कायद्यानं मग सक्ती आणली, पण घरमालकावर नव्हे. ती लेंडरवर आहे: धोका क्षेत्रातल्या इमारतीवर कर्ज देताना विमा असल्याची खात्री करा. म्हणून आजींना सक्ती नव्हती आणि त्याच घरासाठी या दोघांना होती. २०१२ मध्ये लेंडरचा दंड एका चुकीला २,००० डॉलरपर्यंत नेला. आमचे कंप्लायन्सवाले, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणारे, पुराच्या कागदावर हसत नाहीत, ते यामुळे.

धोका क्षेत्र म्हणजे जिथे कुठल्याही एका वर्षी पूर येण्याची शक्यता एक टक्का किंवा जास्त. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती २६ टक्क्यांवर जाते. हे मी दोघांना समजावत होते तेव्हा बायको म्हणाली, “म्हणजे आमच्याकडची लाल रेषा.” अगदी बरोबर. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या. तिच्या वडिलांनी सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर बघितलेत. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर होती, धोक्याची पातळी ४५. शंभर वर्षांतून एकदा, असं त्यांना सांगून बघा. त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, “लाल रेषेतलं घर घेताय? आणि बँक देतेय?” बँक देते. विमा असेल तर देते.

आता आमच्याकडून झालेली चूक. फॉर्म २ एप्रिलला आला. ‘होय’ आलं की कर्जदाराला पूरधोक्याची लेखी सूचना द्यायची आणि त्याची सही परत घ्यायची, तीही क्लोजिंगच्या पुरेशी आधी. दहा दिवस पुरेसे मानतात. सूचना कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून राहिली आणि १८ तारखेला निघाली. नियमात बसलं, बारा दिवस होते. पण विम्याची कोटेशन्स शोधायला त्यांना सोळा दिवस जास्त मिळाले असते. या फाइलमध्ये ते सोनं होतं.

कारण पैशाचा हिशोब. हप्ता ३,२५८, मालमत्ता कर महिना ९८०, घराचा नेहमीचा विमा १४०, गाडीचा हप्ता ४२०. एकूण ४,७९८, म्हणजे पगाराच्या ४१.७ टक्के. या कर्जप्रकारात आमची मर्यादा होती ४३. नेहमीच्या घरविम्यात पूर नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेचं कोटेशन आलं वर्षाला २,१४० डॉलर, महिना १७८. एकूण ४,९७६, म्हणजे ४३.३ टक्के. तीन दशांशांवर घर अडकलं.

“विमा कमी रकमेचा घेतला तर?” हा त्याचा दुसरा फोन. नाही चालत. सक्तीची रक्कम तीन आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा असते: कर्जाची शिल्लक, सरकारी योजनेची कमाल मर्यादा, आणि इमारत पुन्हा बांधायचा खर्च, जमीन वगळून. इथे ४,९६,०००, २,५०,००० आणि ३,८०,०००. म्हणजे अडीच लाख, आणि त्याखाली लेंडर जाऊ शकत नाही. मी लगेच त्याला हेही दाखवलं, की घर पुन्हा बांधायला तीन लाख ऐंशी हजार लागतील आणि विमा अडीचचा आहे. मधले एक लाख तीस हजार कुणाचे? त्या क्षणी त्याला ४३.३ सोडून काही दिसत नव्हतं, आणि त्याचं चुकतही नव्हतं.

२०२१ च्या ऑक्टोबरपासून सरकारी विम्याचे दर ठरवायची पद्धत बदलली. पूर्वी झोनवरून दर ठरे. आता प्रत्येक घराचा वेगळा विचार होतो, पाण्यापासूनचं अंतर, जमिनीची उंची, बांधायचा खर्च वगैरे. झोन फक्त सक्तीसाठी उरला. जुन्या मालकाची चालू पॉलिसी असती, तर ती नावावर करून घेता आली असती आणि दर हळूहळू वाढत गेला असता. आजींची पॉलिसी नव्हती, त्यामुळे हे दार बंद.

खासगी कंपनीचं पहिलं कोटेशन १,१२० डॉलरचं आलं. तो खूश. मी पहिल्यांदा डिडक्टिबल बघितलं, म्हणजे नुकसानीतला आपण सोसायचा पहिला हिस्सा. १५,०००. सरकारी पॉलिसीत घरासाठी ते जास्तीत जास्त १०,००० असतं. १ जुलै २०१९ पासून लेंडरनं खासगी पूरविमा स्वीकारलाच पाहिजे असा नियम आहे, पण तो विमा सरकारी पॉलिसीइतका तरी व्यापक हवा, डिडक्टिबल तिच्यापेक्षा जास्त नको, आणि रद्द करायचा तर ग्राहकाला आणि लेंडरला ४५ दिवस आधी कळवायला हवं. हे सगळं आम्ही पॉलिसीची चाळीस पानं वाचून ठरवू नये म्हणून एक ठरलेलं वाक्य असतं: ही पॉलिसी कायद्यातल्या खासगी पूरविम्याच्या व्याख्येत बसते. ते वाक्य असेल तर प्रोसेसर पुढे जातो, नसेल तर फाइल कंप्लायन्सकडे जाते आणि मग क्लोजिंगची तारीख देवाच्या हातात.

दुसऱ्या कंपनीचं आलं १,३९०, डिडक्टिबल ५,०००, त्या वाक्यासहित. महिना ११६. एकूण ४,९१४, म्हणजे ४२.७ टक्के. बसलं.

मग २४ एप्रिलला बाइंडर, म्हणजे पॉलिसी हाती येईपर्यंतचा तात्पुरता कागद, आला आणि त्यात लेंडरचं नाव अर्धवट. मॉर्गेजी क्लॉजमध्ये, म्हणजे लेंडरचं नाव नोंदवणाऱ्या कलमात, नावापुढे ‘त्यांचे उत्तराधिकारी आणि/किंवा हस्तांतरित’ हे शब्द लागतात, कारण कर्ज उद्या दुसऱ्याला विकलं जाणार असतं. कर्ज क्रमांकही चुकला होता. पत्त्यात ‘कोर्ट’च्या जागी ‘ड्राइव्ह’. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ‘ड्राइव्ह’ दोन गल्ल्या सोडून खरोखरच आहे. तीन ईमेल, दोन फोन, २६ तारखेला दुरुस्त बाइंडर. ३० ला किल्ल्या मिळाल्या.

इथे फाइल बंद व्हायला हवी होती. पण “घर उंचावर आहे” हे त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मीही त्याला सांगून ठेवलं होतं, की वाद घालायच्या जागा दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नकोस. एक, नकाशावर इमारत चुकीच्या ठिकाणी बसवली असेल तर कर्जदार आणि लेंडर मिळून ४५ दिवसांत फेमाकडे फेरतपासणी मागू शकतात. तिथेही उंची बघत नाहीत. कंपनीनं पाठवलेल्या हवाई छायाचित्रावर रेषा फॅमिली रूमचा मागचा कोपरा स्पष्ट कापत होती, त्यामुळे तिथे हाती काही लागणार नव्हतं. दुसरी जागा लोमा, म्हणजे नकाशा दुरुस्तीचं पत्र. त्यात मात्र फक्त उंची. घराला टेकलेली सगळ्यात खालची नैसर्गिक जमीन जर फेमानं धरलेल्या पूरपातळीइतकी किंवा तिच्या वर असेल, तर फेमा ते घर क्षेत्राबाहेर काढते. फेमा फी घेत नाही. सर्व्हेअर घेतो, या ठिकाणी ८५० डॉलर. सगळी माहिती पोचल्यावर साधारण दोन महिने लागतात, म्हणून क्लोजिंगच्या आधी हे शक्य नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सर्व्हेअर आला. मी त्या शनिवारी त्यांच्याकडे गेले होते, पोह्यांचं निमित्त होतं. सर्व्हेअरनं घराला एक फेरी मारली, पुढच्या पायऱ्यांपाशी, गॅरेजच्या दाराशी, बेसमेंटच्या खिडकीखाली पट्टी उभी करून आकडे टिपले. पूरपातळी ४७.० फूट. घराच्या भिंतीला लागलेली सगळ्यात खालची जमीन ४७.६. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच एवढे दिवस अडवून धरलं होतं. मग सर्व्हेअर डेकच्या, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याच्या, खाली वाकून गेला. डेक घराला जोडलेलं, मागे चौदा फूट गेलेलं, आणि त्याचे शेवटचे दोन खांब उतारावर. त्यानं पट्टी त्यातल्या एकाच्या बुडाशी टेकवली, ओलं गवत पायानं बाजूला केलं आणि आकडा वाचला. ४६.६.

लोमासाठी ‘घराला टेकलेली जमीन’ यात घराला जोडलेलं डेक, पायऱ्या, गॅरेज सगळं येतं. भिंत सहा दशांश फुटानं पास, खांब चार दशांशानं नापास. म्हणजे पाच इंचांपेक्षा कमी.

“खांबाभोवती माती टाकली तर?” हे तो विचारणारच होता. मातीचा भराव घातला की प्रकरण वेगळं होतं. वेगळा अर्ज, फी, गावाची लेखी संमती, आणि पूरक्षेत्रात भराव टाकायला न्यू जर्सीच्या परवानग्या. पाच इंचांसाठी नको. सुताराला बोलावलं. डेकचा शेवटचा टप्पा काढून खांब उतारावर चार फूट वर, घराच्या दिशेनं घ्यायचे, टाउनशिपची परवानगी धरून ४,२०० डॉलर. त्यानं एक्सेल शीट केली: वर्षाचे १,३९० वाचतात, म्हणजे तीन वर्षं आणि थोडे दिवस.

ती इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, खांब वर घेतला की पाणी कमी येणार का?”

“नाही.”

“आणि आत्ता जो विमा आहे, त्यात बेसमेंटचं काय मिळतं?”

हा प्रश्न मार्चपासून कुणीच विचारला नव्हता. मीही काढला नव्हता, कारण फाइलला तो लागत नाही. सरकारी पॉलिसीत बेसमेंटमधली घर गरम ठेवणारी भट्टी, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल, संप पंप अशा गोष्टी येतात. फरशी, गालिचा, रंगवलेल्या भिंती, सोफा, टीव्ही येत नाहीत. यांच्या खासगी पॉलिसीचं कलमही जवळपास तसंच. घरातल्या सामानाचा विमा तर वेगळाच घ्यावा लागतो. लेंडरला तारण फक्त इमारत, म्हणून त्यानं तो मागितला नाही आणि यांनीही घेतला नाही. पूर आल्यावर भाड्यानं राहायचा खर्चही सरकारी पॉलिसी देत नाही. आणि आयडाच्या रात्रीसारखा नुसता पंप बंद पडला, शेजारीपाजारी कुठेच पाणी साचलं नाही, तर तो त्यांच्या व्याख्येत पूरच नाही. त्यासाठी घरविम्यालाच वेगळी पुरवणी जोडावी लागते. त्यांच्या बेसमेंटमध्ये होम थिएटर होतं, पिंग-पाँगचं टेबल होतं, आणि मखराची खोकी अजून न उघडलेली, थेट जमिनीवर.

खोकी त्याच संध्याकाळी पोटमाळ्यावर गेली.

जूनमध्ये डेक कापलं. सर्व्हेअरचं पुन्हा मोजमाप झालं, नवा आकडा ४७.१. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लोमा हाती आलं. आम्ही नवा निवाडा मागवला. त्या फॉर्मवर दुरुस्तीपत्राची नोंद आणि फुली ‘नाही’वर. लोमा आलं तरी लेंडर आपल्या मर्जीनं विमा मागत राहू शकतो. आमच्या लेंडरनं अट काढली आणि एस्क्रोतून, म्हणजे कर आणि विम्यासाठी हप्त्यासोबत पैसे जमा होतात त्या खात्यातून, विम्याची रक्कम वगळली. दोन्ही फॉर्म कर्ज असेपर्यंत फाइलमध्ये राहतील. पुढे नकाशे बदलले आणि घर पुन्हा आत आलं, तर लेंडर पत्र पाठवेल, आणि ४५ दिवसांत त्यांनी पॉलिसी घेतली नाही तर तोच त्यांच्या नावावर महागडी घेऊन पैसे वसूल करेल.

पॉलिसी मात्र त्यांनी रद्द केली नाही. एप्रिल २०२५ मध्ये नूतनीकरण आलं तेव्हा तिनं एजंटला स्वतः फोन केला, इमारतीची रक्कम वाढवून ३,८०,००० करून घेतली, सामानासाठी ६०,००० जोडले आणि डिडक्टिबल १०,००० वर नेऊन हप्ता आवाक्यात आणला. संप पंपाची पुरवणीही घरविम्याला जोडली. नवऱ्याची एक्सेल शीट त्यामुळे पार मोडीत निघाली.

डेक आता दहा फुटांचं आहे. ग्रिल मावत नाही म्हणून ते खाली गवतावर उभं असतं, जुन्या खांबाचा खड्डा बुजवला त्याच जागेवर.